पुर्जी

गोळीबार चौकाच्या मागे आमचा माग होता.
ठेकेदाराची पुर्जी यायची, बिडीच्या पानाएवढी:
लुगडी दोन, हिरवा काठ.
बाबा ती फणीच्या वर खोचत,
काम उतरलं की देवका आत्या फाडायची,
चार तुकडे, चुलीत.
एकदा विसरली.
हिरव्या काठाची अकरा लुगडी निघाली, घेणारं कोणी नाही.
त्या वर्षी आमच्या घरच्या सगळ्या बाया हिरव्याच.

मी आता मेडिकल चौकात, दुसऱ्या मजल्यावर
पांढऱ्या पेशी वाढवते.
मे महिना, बाहेर सेहेचाळीस,
आणि माझ्या हातात उणे ऐंशीतून काढलेली नळी.
जंतू दिसला की पेशीच्या आत पुर्ज्या सुटतात:
आग लावा, सूज आणा, बाकीच्यांना हाका मारा.
पुर्जीच्या शेपटाकडे अक्षरं अडखळतात,
ए यू यू यू ए, ए यू यू यू ए,
तापात बरळणाऱ्यासारखी.
ते अडखळणं एक प्रथिन ओळखतं.
जस्ताची दोन बोटं त्याला.
धरतं, आणि कातरणाऱ्यांना बोलावतं.
लढत नाही ते.
लढाई संपली, हे कागदाला कळवतं.

ऐन गर्दीत मात्र
त्याला फॉस्फेटचा टिळा लागतो
नि ते हाताची घडी घालून बाजूला होतं,
पेटू देतं.
हे मला दोन वर्षं उमगलं नव्हतं.
मी वहीत लिहून ठेवायची: प्रयोग फसला.

आत्याची बोटं आता आल्याच्या गड्ड्यासारखी.
सकाळी तासभर कप धरवत नाही.
रविवारी तिचे हूक लावता लावता
मी हे सगळं सांगितलं.
"म्हंजे पुर्जी फाडनं राहून गेलं."
तसं काहीसं. पण तुझ्यात तेच झालं की दुसरंच, मालूम नाही.
"काहून मालूम नाही? सात वर्षं झाले करून राहिली."
उंदरात ते प्रथिन नसलं
की सांधे सुजतात, उंदीर झडत जातो,
एवढं पक्कं आहे.
आत्या उंदीर नाही.

निघताना तिने उशीखालून
गेल्या महिन्याची औषधाची चिठ्ठी काढली.
"फाड. मायाच्यानं होत नाही."
चार तुकडे केले.
चूल कुठली आता.
ॲप्रनच्या खिशात आहेत अजून,
धुवायला टाकताना सापडतील.