पावती क्रमांक सदतीस

पावतीपुस्तक गणपतीचंच, उरलेलं.
'उत्सव' खोडून वर पेनानं लिहिलं:
पाणवठा, येडशीचं रान.

इसाक पंक्चरवाल्यानं वीस दिले,
वर एक जुनी ट्यूब,
टँकरच्या नळीला लागंल म्हणाला.
सराफानं विचारलं, हौदावर नाव टाकणार का?
टाकू म्हणालो.
काळविटाला वाचता येत नाही, हे बोललो नाही.

सटवा हटकर मात्र घोंगडीवरून उठलाच नाही.
"दोन करडं नेली लांडग्यानं,
पोळ्याच्या आदल्या राती.
तीच धर वर्गणी."

मी हसलो.
तो चंचीची गाठ सोडत राहिला.

मग कार्बन सरळ केला, लिहिलं:
करडं, नग दोन.
खाली छापलेलं 'रोख मिळाले'
तसंच राहू दिलं.