क्रूसाचं झाड

वडील पाद्री होते. चाळीस वर्षं
त्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं: वर.
वोरूच्या थंडीत, अंगावर दोन-दोन कोट चढवलेल्या
अकरा म्हाताऱ्यांना सांगितलं, की हे जग
रात्रीपुरती धर्मशाळा, सामान सोडू नका.

म्हाताऱ्या माना डोलवायच्या. आणि घरी जाताना
झऱ्यापाशी वाकून
ब्रोचवरची चिमूटभर चांदी पाण्यात खरवडायच्या,
दुखऱ्या डोळ्यांसाठी.
वडील ते बघायचे आणि जेवायचे नाहीत.

त्याहून राग त्यांना झाडांचा.
एस्टोनियाच्या या कोपऱ्यात मयत नेताना
जंगलाशी थांबतात; घरातला एक पुरुष
पाइनच्या खोडात सुरीने क्रूस कोरतो.
मेलेला घराकडे परत निघालाच
तर झाड अडवेल त्याला: बाबा रे, आता इथंच.
आईच्या वेळी मामाने कोरला.
वडील गाडीत बसून राहिले, काच वर करून.

मी तार्तूला तीन वर्षं धर्मशास्त्र शिकले.
मग सोडलं. भांडण वगैरे काही झालं नाही.
एका परीक्षेत 'सृष्टी' या शब्दाखाली
मी नुसती शेवाळांची नावं लिहून आले.

शेवटच्या हिवाळ्यात वडील
बटाट्यांच्या तळघरात जाऊन बसायला लागले.
वर उणे बावीस. खाली चार, कायमचे चार.
मातीच्या भिंतीला पाठ लावून,
मांडीवर बायबल, मिटलेलं.
"प्रार्थना करताय?"
"नाही."
खूप वेळाने म्हणाले, "इथं कुणी काही मागत नाही."
आणि मग, जरा ओशाळून, "ऊब आहे."

मार्चमध्ये गेले. मागे चिठ्ठी नाही, इच्छा नाही.
नवा पाद्री पोरसवदा, घाईत, पुढे निघून गेला.
जंगलाशी हेल्दुरने ट्रॅक्टर थांबवला,
माझ्याकडे बघितलं. घरात पुरुष उरला नव्हता.
त्याने सुरी मुठीकडून पुढे केली.

आधी आईचं झाड शोधलं. डोळ्यांना सापडेना.
वीस वर्षांत सालीने क्रूस गिळला होता,
हाताला लागला फक्त एक फुगवटा,
जुन्या लसीच्या वणासारखा.

शेजारचं झाड घेतलं. त्याला विचारलं का?
विचारलं. उत्तर आलं असं म्हणणार नाही.
वडिलांना आवडलं असतं का, तेही माहीत नाही.
आडवी रेघ तिरकी गेली.
बर्फात पडलेले सालीचे तुकडे
मी का कोण जाणे, वेचून खिशात घातले.

राळ तीन दिवस बोटांना चिकटून होती.
पावाला तिचा वास, उशीला, दाराच्या कडीला.
साबणाने जाईना. चौथ्या दिवशी हेल्दुरची बायको म्हणाली,
लोणी लाव. लोणी घेतलं हातावर,
आणि तसंच ठेवलं थोडा वेळ.