गाळलेल्या जागा

आमच्या बेटावरच्या शाळेत
जीवशास्त्राला खोली एक, बाई एक, टेबलं दोन.
खिडकीशी बसतात ते चार नंबर पातळीचे,
दाराशी आम्ही पाचवाले,
मधल्या कपाटावर सीलची एक कवटी,
तिला कसलीच पातळी नाही.

रॉग्नवल्ड माझा भाऊ.
अकरा महिन्यांनी मोठा, वर्ग एकच.
तो खिडकीशी.
मिसेस इझ्बिस्टर कागद वाटतात :
त्याच्या पेशीला चार बाण,
माझ्या पेशीला अकरा.
पेशी तीच. कांद्याचीच.
तिला काय त्याचं.

नोव्हेंबरात खाटकाकडून हृदयं आली,
मेंढ्यांची, बादलीतून, सात.
इन्ग्रिड फ्लेट तोंडावर हात धरून बाहेर पळाली.
मी चिमटा घेऊन नुसतीच उभी,
महाधमनी कुठली ते पुस्तकात शोधत.
रॉग्नवल्ड आमच्या टेबलाशी आला,
वरच्या नळीत बोट घालून
हृदय नळाखाली धरलं.
"बघ, पाणी वरच थांबलं. आत उतरत नाही.
दार एकाच बाजूला उघडतं,
आपल्या मेंढवाड्याच्या फाटकासारखं."

बाई काही बोलल्या नाहीत.
नुसता नळ बंद केला.
मग तो जागेवर गेला
आणि गाळलेल्या जागेत लिहिलं : झड्प.
बाईंनी ड पूर्ण केला, लाल शाईने,
आणि बरोबरची खूण दिली.

मे महिन्यात मी परीक्षेला बसले.
त्याच्या पातळीला परीक्षाच नाही.
मी तीन गुणांपुरती झडप समजावत होते तेव्हा
तो वरच्या रानात, पावसात, गुडघ्यावर,
अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात,
आडवं आलेलं कोकरू फिरवत होता.
संध्याकाळी विचारलं, कसा गेला पेपर?
म्हटलं, बरा.
मी विचारलं नाही, कोकरू जगलं का.
का विचारलं नाही, अजून कळत नाही.

ऑगस्टात बोटीने कर्कवॉल.
बेटावर पाचच्या पुढे काही शिकवत नाहीत.
वसतिगृहाची खोली, सोमवार ते शुक्रवार,
आणि पहिल्याच तासाला नवे सर म्हणाले,
मागच्या वर्षीची पेशी आता विसरा.
खोटी नव्हती, पण पुरती नव्हती.
कडा म्हणून जी रेघ काढत होता,
ती रेघ नव्हेच.
तेलावर तरंगणारी गर्दी आहे ती,
सारखी सरकणारी, कोणाला आत घेणारी,
कोणाला दारातूनच परत पाठवणारी.
पुढच्या वर्षी म्हणे हेही अपुरं ठरतं.
मी वहीतली रेघ खोडली.
कागद जरा फाटला.

गुरुवारी रात्री रॉग्नवल्डचा फोटो आला.
बापाच्या बोटीवर, पिंजऱ्यातून निघालेला शेवंड :
डावी बाजू निळीशार, उजवी नारिंगी,
डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध सरळ रेघ,
कोणीतरी पट्टी ठेवून मारावी तशी.
खाली दोनच शब्द : हे काय?

मी सरांना दाखवला.
सरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पुन्हा खाली घेतला,
घंटा होऊन गेली तरी बघतच राहिले.
म्हणाले, अंदाज आहे. नक्की नाही सांगता येणार.
आणि अभ्यासक्रमात तर नाहीच,
कुठल्याच पातळीला.

मी लिहिलं : माहीत नाही.
काय केलंस त्याचं?

बराच वेळ उत्तर नाही.
मग आलं :
मापात बसत नव्हता.
दोन मिलिमीटर कमी.
सोडला.