दिसला नाही, अशी नोंद

आश्लेषेच्या जरा खाली,
नकाशात जिथे काहीच नाही तिथे,
मंगळवारी एक ठिपका होता.
गुरुवारी त्याहून मंद.
आज शनिवार. बोपदेव घाटाच्या माथ्यावर
आम्ही चौघं, दोन स्कूटर,
आणि अत्तारांनी सात महिने घासलेला
आठ इंची आरसा.

पुणं मागे केशरी उकळतंय.
कोंढव्याकडे कुणाचं तरी लग्न,
त्यांचा फिरता झोत दर मिनिटाला
सिंहाच्या पोटावरून हात फिरवून जातो.

धनेश्वर वही धरतो. टॉर्चला लाल जिलेटिन.
"हललाय?" "नाही."
म्हणजे लघुग्रह नव्हे. मग काय, ते कुणी बोलत नाही.
"किती?"
या हिशेबाचं उलटंच असतं,
आकडा वाढतो तसा उजेड कमी.
साडेनऊ होता. मग अकरा.
आता बारा पॉइंट सहा, जुई म्हणते,
जुई नववीत आहे.
अत्तार चष्मा पुसतात, लावतात,
परत काढतात.

गस्तीची गाडी थांबली.
हवालदार टोपी काखेत धरून वाकले.
"काही दिसत नाही."
"तेच बघतोय, साहेब," धनेश्वर.
ते हसले नाहीत. गेलेही नाहीत.

"काका, सरळ त्याच्याकडे नका बघू,"
जुई म्हणाली, "शेजारच्या ताऱ्याकडे बघा,
मग तो आपोआप येतो."
बराच वेळ गेला. खाली एक ट्रक
पहिल्या गिअरमध्ये कण्हत वळण चढला.
"हां," हवालदार हळूच म्हणाले,
झोपलेल्या पोराच्या खोलीत बोलावं तसं.

मग अत्तारांची पाळी.
ते बाजूला बघत राहिले, मग दुसऱ्या बाजूला.
"जुई, अजून आहे?"
"आहे," ती म्हणाली,
श्वासभर उशिरा.

दहा चाळीस. जुई: तेरा, बहुधा.
मी: तेरा, प्रश्नचिन्ह.
अत्तारांच्या रकान्यात धनेश्वरने रेघ मारली,
तर त्यांनी पेन मागून घेतलं
आणि रेघेवरच लिहिलं, दिसला नाही.
"रिकामं ठेवू नकोस. मी होतो इथे."

आरशावर त्यांनी हॉटेलातली शॉवर कॅप चढवली.
दवाने सीट ओल्या झालेल्या.
हवालदार गाडीशी पोचून परत वळले:
"उद्या किती वाजता?"
ठिपक्याचं विचारत होते की आमचं,
कळलं नाही.
धनेश्वर म्हणाला, साडेनऊ.