खो

सतन्याहून गाडी पहाटे चारला लागली ग्वाल्हेरला.
बारा मुली, एक मी, तेरा बॅगा,
आणि उपविजेत्यांचा कप,
ज्याचा एक कान वाटेतच निखळला.

धर्मशाळेत पहिल्याच रात्री मी टॉर्च घेऊन
गाद्यांच्या शिवणी चाचपत होते.
मुली ओढण्या तोंडाशी धरून खुसखुसत होत्या,
बाईंचं काहीतरी हरवलंय.
हरवलं नव्हतं, सापडलं होतं.
दोऱ्यालगत शाईचे बारीक ठिपके,
आणि मसुराएवढा एक, चपटा, सावकाश,
भाडं भरून राहिल्यासारखा.

व्यवस्थापक म्हणाला, मच्छर होगा मॅडम.
बॅगा मी खिडकीच्या गजांना टांगल्या,
खाटा भिंतीपासून हातभर ओढल्या,
तरी तिसऱ्या सकाळी केतकी इंगळेच्या दंडावर
तीन गांधी उठल्या, एका रेषेत,
मैदानावर फक्की मारावी तशा.

आता फलाटावर कुणाचे वडील, कुणाचे मामा,
स्कूटरी बाहेर फुरफुरतायत,
आणि केतकी बाकावरून उठतच नाही.
छावणीत तिचं घर म्हणजे एक खोली.
त्यात वहिनी, आणि जुन्या साडीच्या झोळीत
अठरा दिवसांचा भाचा.
"मी नाही जाणार बाई. त्याला चावलं तर?"

वीस वर्षं मी हेच शिकवत आले,
पाठीत खो बसला की विचार करायचा नाही,
उठायचं, धावायचं.
हा प्राणीही तेच शिकलाय कुठेतरी.
गादीनं बॅगेला दिला, बॅग देणार पलंगाला,
पलंग शेजारच्या भिंतीला,
आणि सबंध गल्ली रात्रभर उठून बसणार,
कुणी कुणाला सांगणार नाही.

मी म्हटलं, बॅगा सगळ्यांच्या जमा करा.
एकटीची ठेवून घेतली असती
तर तिचं नाव झालं असतं.
बाराजणींची घेतली म्हणून नियम झाला.
पिंकी कुशवाहच्या वडिलांनी विचारलं,
नया रूल है?
मी म्हटलं, हो. आणि घरी गेल्यावर
कपडे दाराबाहेर, आंघोळ, मगच उंबरा.

दौलतगंजात माझी गच्ची, वर दुसरं काही नाही,
दूर किल्ल्याची लांबलचक पाठ.
किराणावाल्याकडून मोठ्या काळ्या पन्न्या आणल्या.
प्रत्येकीत एक बॅग, तोंडाला सुतळीची गाठ, वर आणखी एक गाठ.
केतकीनं त्या ओळीनं मांडल्या,
एक तोंड इकडे, एक तिकडे,
चौकात बसलेल्या खेळाडूंसारख्या.
मी सांगितलं नव्हतं. सवय.

ग्वाल्हेरच्या मे महिन्याला मी जन्मभर शिव्या घातल्या.
त्या दिवशी साडेबाराला
गच्चीच्या दाराची कडी फडक्यानं धरावी लागली,
लू आली ती पन्न्यांवरून सळसळत,
आणि मी चक्क म्हटलं, ये गं बाई, ये.
खाली गॅसवर पातेल्यात
सात नंबरची जर्सी रटरटत होती.
रंग उतरला थोडा. सात तेवढा राहिला.

तीन दिवस ऊन, असं मी ठरवलं.
तोवर केतकी माझ्याकडे.
माझ्याच सलवारीत, पायचे दुमडून,
कपाचा कान फेविक्विकनं चिकटवत बसली.
वाकडा चिकटला.
संध्याकाळी भावाचा फोन आला,
बाळ रडतंय म्हणे, तुझा आवाज ऐकव.
ती फोनमध्ये काहीबाही बोबडं बोलत राहिली,
मी भाजी उगाचच ढवळत राहिले.

रात्री सगळं तपासून झालं होतं,
चादरीचे कोपरे, उशीची शिवण, पलंगाच्या फटी.
काही नव्हतं.
तरी दोनच्या सुमाराला पाठीत काहीतरी टोचलं
आणि मी, बावन्न वर्षांची,
उठून दारापर्यंत धावले.

दिवा लावला.
चादरीवर केतकीची केसांची पिन.
ती शेजारी गाढ,
दंडावरच्या रेषेवर तळहात ठेवून.