निदान

खारेगावची तक्रार, शेवटचे आकडे सात सात शून्य दोन.
नाव: हसुराम धर्मा केणी. अडचण: चॅनल दिसत नाही.
खाली 'निदान' असा एक रकाना असतो,
तो मी जिना उतरता उतरता भरतो.

एकतीस तारखेला रात्री बाराच्या ठोक्याला
दोन कंपन्यांचं फिसकटलं.
एक, घरटी महिन्याला सव्वा रुपया वाढवून मागणारी,
दुसरी न देणारी, जिचा शर्ट माझ्या अंगावर आहे.
पडद्यावर निळी पाटी:
आम्ही आपल्या हितासाठी प्रयत्नशील आहोत.
त्या पहिलीनेही पेपरात अर्धं पान छापलंय,
तिलाही ह्याच हिताची काळजी.
एवढं हित सबंध कळव्यात
कुणी कुणाचं पाहिलं नव्हतं.

आठवड्यात एकोणीस घरं झाली.
शिव्या बऱ्याच, चहा दोनदा.
रेतीबंदरच्या एक बाई म्हणाल्या, मग बिल कमी येणार ना?
मी पेन शोधू लागलो.

हसुरामकाका काही बोलले नाहीत,
शिडी लावून उभे होते.
गच्चीत जवळा वाळत घातलेला, कडेकडेने गेलो,
छत्रीच्या नाकावर बसलेली साळुंकी हाकलली,
मीटर लावलं. चौऱ्याण्णव टक्के.
खाडीवर एक ढग नाही.
पारसिकच्या डोंगराच्याही वर, छत्तीस हजार किलोमीटरवर
ते यंत्र आहे तिथेच आहे,
आणि कोण जाणे, चॅनलही पडत असेल
आमच्या डोक्यावर, जवळ्यावर,
नुसतं कुलूप लावलेलं.

"बाला, माजे घरचा कं बिघरला नाय ना?"
नाही म्हटलं.
"तरी जरा फिरवून बघ."
दोन अंश डावीकडे फिरवली. परत आणली.
त्यांचं समाधान झालं असं नाही,
पण पाहुणा जेवल्यासारखं वाटलं असावं.

मग सांगू लागले.
त्या रात्री मुलींचा सामना होता.
शेवटची चढाई, मुंब्र्याची तहूरा,
समोर सहा जणी, साखळी धरून.
निदान रेषा तिने ओलांडली,
बोनस रेषेवर पाय टाकला,
उजव्या कोपऱ्यातली पोर घोट्याकडे झेपावली
आणि निळी पाटी.

हे सांगताना काका जवळ्याच्या मधोमध उभे.
पंचेचाळीस वर्षांपूर्वी तेही उजवा कोपराच,
डावा गुडघा भिवंडीच्या मैदानात ठेवून आलेले.
त्या गुडघ्यावर वाकून त्यांनी
हवेतला एक घोटा धरला
आणि बराच वेळ सोडला नाही.

मी म्हटलं, निकाल मोबाईलवर असेल की.
"तो नातवानी सांगतला. तेहतीस-बत्तीस.
मी इचारला, पोर परत आली का?
मधल्या रेषेला हात लागला का तिचा?
तं बोलतो, बाबा, ता नाय देत."

मला काही सुचेना.
टोल फ्री नंबर द्यायला हात खिशात गेला,
तो तसाच बाहेर काढला.

निदानात लिहिलं: ग्राहकाकडे दोष नाही.
सही त्यांनी सावकाश केली, केणीचा 'णी' कागदाबाहेर गेला.
निघताना काकूंनी जवळ्याची पुडी दिली, वर्तमानपत्रातली.
वरच्या बाजूला अर्धं पान हित.

कळवा नाक्यावर सिग्नल लाल.
वर आकडे उलटे पळायला लागले, तीस, एकोणतीस,
एका चढाईलाही तेवढाच वेळ.
हेल्मेटची काच खाली घेतली,
छाती भरून श्वास घेतला
आणि सुरू केलं, पुटपुटत,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
शेजारचा रिक्षावाला बघत राहिला.
अकरा उरले असताना दम सुटला.
म्हणजे मी तिकडेच बाद, पलीकडच्या अंगणात,
रेषा अजून हातभर लांब.

ती बहुतेक अजून तिथेच असेल.
पुढची तक्रार विटाव्याची,
अडचण: वरीलप्रमाणे.