यंदा सँ पिएर

एप्रिलचा दुसरा शनिवार. ब्रा दॉर सरोवरात अजून बर्फ आहे,
काठाला खेटलेला, वारा आला की
मोरीतल्या बशांसारखा किणकिणतो.
मर्डिना मॅकॅस्किलनं क्लबातली शेगडी सकाळीच पेटवली
आणि फळ्यावर खडूनं लिहिलं:

चोवीस मे, बोटी पाण्यात. क्रेन नऊला. उशिरा येणाऱ्यानं पोहत जावं.
दर बुधवारी शर्यत. वारा पडला तर भांडण.
जूनमध्ये पोरांना शिडं शिकवायची,
त्याआधी लाइफजॅकेटं झटका,
गेल्या खेपेला एकीत उंदरीण व्यायली होती.
जुलैत शिंपल्यांच्या सूपाचं जेवण, बटाटे फर्गीकडे.
आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून:
सँ पिएर.

आम्ही माणसं बावीस, बोटी नऊ.
त्यातली एक लॉकीची,
जी त्यानं ऑक्टोबरात हॅलिफॅक्सच्या दंतवैद्याला विकली.
यादीत ती अजून आहे.
मर्डिना खडू घेऊन तिथवर गेली होती,
मग म्हणाली, फळा ओला आहे.

नकाशा पूल टेबलावर पसरतात.
एका कोपऱ्यावर मीठदाणी, एकावर मुरवलेल्या बीटांची बरणी,
एकावर विंचचा दांडा,
आणि चौथ्यावर फर्गी मॅकफीचा कोपर,
त्यामुळे त्याला मतदानात हात वर करता येत नाही.

वाट सगळ्यांना पाठ आहे.
सेंट पीटर्सच्या कालव्याशी चारच्या आत,
दारं उघडणारा माणूस पाचाला घरी जातो.
बाहेर पडलं की पूर्व, नुसती पूर्व,
दोनशे मैल उघडं पाणी, दोन रात्री, वर धुकं.
तिसऱ्या सकाळी फ्रान्स.
खराखुरा फ्रान्स, तेओ बुद्रो सांगतो,
घड्याळ आपल्यापुढं तासभर,
आणि पहाटे पावाचा वास धक्क्यापर्यंत येतो.
वास त्याच्या आजोबांनी घेतलेला. तेओनं नाही.

कधी निघायचं?
जुलैच्या मध्यापर्यंत लॉबस्टर, कुणाला सवड नाही.
त्यानंतर रेजानच्या मुलीचं लग्न.
ऑगस्टच्या शेवटाला दक्षिणेकडून वादळांची शेपटं येतात.
म्हणजे उरले नऊ दिवस,
आणि त्यातले तीन फर्गीच्या गुडघ्याचे.

आमच्या सरोवराला भरती येते ती वीतभर,
जाते तीही वीतभर.
आम्हीही तेवढेच हलतो.

दर वसंतात मर्डिना पेन्सिलीनं ती रेघ आखते,
दर शरदात खोडरबरानं पुसते.
छत्तीस वर्षं.
जिथं दुसरी रात्र उजाडायची
तिथं कागद झिजत झिजत फाटला.
करंगळी जाईल एवढं भोक,
आतून टेबलाचं हिरवं कापड दिसतं.

लॉकीनं वाकून त्यात बोट घातलं.
'इथं खोली किती?'
'टेबलापर्यंत,' तेओ म्हणाला, आणि सगळे हसले,
हसणं लवकर संपलं.

ओदील, यार्डात उमेदवारी करणारी, एकोणीस वर्षांची,
नखांत अजून बोटीच्या बुडाचा लाल रंग,
तिनं विचारलं, 'म्हणजे एकदाही नाही?'

'अठ्ठ्याऐंशीत निघालो होतो,' मर्डिना म्हणाली.
'अर्ध्यातून वळलो. डॅन रोरीची दाढ दुखायला लागली.'
वरची की खालची, यावर पाऊण तास गेला.
चहा दोनदा झाला.
रेजान म्हणते डावी, पण ती तेव्हा बोटीवर नव्हती.

मध्येच ओदील उठली आणि फळ्यावर
लॉकीच्या ओळीखाली आपल्या बोटीचं नाव लिहिलं.
चोवीस फुटी. इंजिन बंद. नाव 'पतात', म्हणजे बटाटा.
पुढं लिहिलं: एक जागा आहे.

लॉकी काही न बोलता बाहेर गेला.
आम्हाला वाटलं, रागावला.
ट्रकचं दार वाजलं. परत आला तो पासपोर्ट घेऊन.
फोटोत केस होते.
मुदत सप्टेंबरपर्यंत,
ती त्यानं एकेकाला फिरून दाखवली,
फर्गीला दोनदा, कारण फर्गीचा चष्मा घरी.

मर्डिनानं पेन्सिलीला टोक काढलं.
कालवा. मग पूर्व.
भोकाच्या कडेशी टोक थांबलं,
तिनं श्वास सोडला,
आणि रेघ जरा दक्षिणेला उतरून, वळसा घालून,
पुढं गेली.